पार्सली पेरून १८ दिवस झाले, कुंडीत नुसती माती! (आणि उगवलीच तर तिचं करायचं काय?)

गच्चीवाली_अमळनेर | ७ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. नणंदेचा मुलगा दुबईला असतो, तो दसऱ्याला आला तेव्हा पार्सलीच्या बियांचं पाकीट घेऊन आला, म्हणाला मामी तुम्हाला झाडांची आवड आहे ना, ही तिकडची कोथिंबीर. बी बघितलं तर हुबेहूब ओवा. सासूबाई तर पाकीट ओव्याच्या बरणीत रिकामं करायला निघाल्या होत्या, मी धावत जाऊन हातातून घेतलं.

२० ऑक्टोबरला गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत पेरलं. धने रगडून पेरतो तसंच लाटण्याने हलकं रगडून घेतलं आणि वर बोटभर माती. आज १८ दिवस झाले, एक कोंब नाही. शेजारच्या कुंडीतली कोथिंबीर चांगली वर आली. सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला येतात आणि विचारतात, "हाई कुंडी काय नुसती पानी पेवाले ठेयेल शे का?"

तर प्रश्न दोन. एक, उगवेल का? दोन, उगवली तर हिचं करतात काय? आमटीवर भुरभुरायची का?

कळणं_भाकर | ७ नोव्हेंबर

पार्सली वाचून मला वाटलं हॉटेलचं पार्सल आलं नाही म्हणून तक्रार आहे 😄

कशाला नसते उद्योग ताई, आपल्या कोथिंबिरीला काय धाड भरलीय.

वनस्पती_मास्तर | ७ नोव्हेंबर

ताई, आधी एक सांगतो, कुंडी उपटू नका. १८ दिवस म्हणजे पार्सलीसाठी काहीच नाही. तीन ते चार आठवडे हा तिचा नेहमीचा वेळ, कधी सहा आठवडे पण लागतात. इंग्लंडात जुने लोक म्हणायचे की पार्सलीचं बी उगवायच्या आधी सात वेळा सैतानाकडे जाऊन परत येतं, कुणी नऊ वेळा म्हणतं. म्हणजे तिकडच्या सासवा पण हेच विचारत असणार.

उशीर का लागतो तर बियांच्या सालीत फ्युरानोकुमरिन जातीची द्रव्यं असतात, ती उगवण रोखून धरतात. म्हणून बी पेरायच्या आधी रात्रभर, जमलं तर २४ तास पाण्यात ठेवायचं, मध्ये एकदोनदा पाणी बदलायचं, म्हणजे ती बरीचशी धुऊन जातात.

आता रगडण्याबद्दल. धन्याचा जो गोल दाणा असतो ना ते एक बी नसतं, ते फळ असतं आणि त्यात दोन अर्धी जोडलेली असतात, एकेका अर्ध्यात एकेक बी. म्हणून रगडून दोन डाळी करायच्या. पार्सलीचं पण फळच असतं पण ते पाकिटात येईपर्यंत आपोआप सुटून दोन झालेलं असतं. तुम्ही बघितलेला तो बारीक वाकडा रेघारेघांचा दाणा म्हणजे अर्धंच आहे. त्याला अजून रगडलं तर बी चेंगरतं. हलक्या हाताने केलं असेल तर थोडं वाचलं असेल. आणि बोटभर माती फार झाली, अर्धा सेंटिमीटर पुरे.

ओव्यासारखं दिसलं ते उगाच नाही, सख्खं नातं आहे. पार्सली, धने, जिरं, ओवा, बडीशेप, शेपू, शहाजिरं, गाजर, सेलरी आणि ज्याच्या चिकापासून हिंग करतात ते झाड, सगळे एकाच कुळातले, एपिएसी. जुनं नाव अंबेलिफेरी, कारण फुलांचा तुरा छत्रीच्या काड्यांसारखा एका बिंदूतून फुटतो. शेपू फुलावर आला की बघा, छत्री उलटी उघडल्यासारखी दिसते. या सगळ्यांच्या फळाच्या सालीत तेलाच्या बारीक नळ्या असतात, जिरं चावल्यावर जो वास फुटतो तो त्या नळ्यांतला. तुमचा मसाल्याचा डबा उघडा, निम्मं कुळ तिथेच बसलेलं आहे.

तापीकाठची | ८ नोव्हेंबर

मास्तर, मग पार्सलीला मराठीत काय म्हणायचं? आमच्या इथे एका किराणावाल्याने अजमोद सांगितलं.

वनस्पती_मास्तर | ८ नोव्हेंबर

नाही हो. डिक्शनऱ्यांमध्ये सेलरीला पण अजमोद, पार्सलीला पण अजमोद असं ठोकून दिलेलं असतं त्यामुळे हा घोळ. किराणा दुकानात अजमोद म्हणून जे बी मिळतं ते पार्सलीचं नसतं, ते आणून पेरू नका कुणी. आपल्याकडे ही कधी नव्हतीच, भूमध्य समुद्राच्या बाजूची वनस्पती, नाव कुठून येणार. पार्सलीच म्हणा. शास्त्रीय नाव पेट्रोसेलिनम क्रिस्पम, ग्रीकमध्ये पेट्रा म्हणजे खडक आणि सेलिनॉन म्हणजे सेलरी, खडकावरची सेलरी.

तीन प्रकार मुख्य. कुरळ्या पानाची, ती हॉटेलात ताटाच्या कडेला ठेवतात आणि कुणी खात नाही. सपाट पानाची, तिला इटालियन म्हणतात, वास आणि चव हिलाच जास्त. आणि तिसरी मुळाची, तिचं पांढरं मूळ पोसतं, जर्मनी-पोलंडकडे सूपमध्ये घालतात. ताई, तुमच्या पाकिटावर चित्र कसलं आहे?

गच्चीवाली_अमळनेर | ८ नोव्हेंबर

सपाट पानाचं आहे मास्तर. चित्र बघून तर मला कोथिंबीरच वाटली.

धन्यवाद, पाणी घालत राहते मग. सासूबाईंना सैतानाचं सांगितलं तर म्हणाल्या, मग सैतानाच्याच गच्चीवर लावायची होती.

केळीवाला_रावेर | ८ नोव्हेंबर

ताई गच्चीवर हौस म्हणून करताय तर करा, पण कुणी शेतात करायचा विचार करत असेल तर माझं ऐकून घ्या. तीन वर्षांपूर्वी केळीचा खोडवा काढल्यावर दोन गुंठ्यात शेडनेट मारून पार्सली आणि बेसिल केली होती, एक व्यापारी म्हणाला होता मुंबईच्या हॉटेलांना देऊ, जितकं काढाल तितकं घेतो. आली पण झकास, मावा कीड थोडी पडली तेवढीच. काढणी सुरू झाली आणि पहिल्या तीन खेपा त्याने उचलल्या, चौथ्या खेपेपासून फोन घेईना. आता हा माल असा की सकाळी कापला की दुपारी मान टाकतो, बर्फाच्या पेटीशिवाय रावेर स्टेशनपर्यंत सुद्धा नीट जात नाही. शेवटी दोन क्रेट घेऊन आठवडे बाजारात बसलो. बायका यायच्या, जुडी हातात घ्यायच्या, नाकाला लावायच्या आणि परत ठेवून द्यायच्या. एक आजी म्हणाली, "भो, कोथमिरीचा वास उडून गेला का रे याचा?" त्या दिवशी एक जुडी विकली नाही, शेजारी बसलेल्याची कोथिंबीर दहा वाजेपर्यंत संपली.

उरलेलं गायीने खाल्लं. तिने तक्रार केली नाही.

शारजाकर_भुसावळी | ९ नोव्हेंबर

त्या आजींनी नेमकं दुखणं पकडलंय 😀 सगळा घोळ "तिकडची कोथिंबीर" या नावातच आहे. मी मूळ भुसावळचा, शारजात ११ वर्षं झाली. पहिल्या वर्षी मी पण भाजीवाल्याकडून कोथिंबीर समजून पार्सली आणली, आमटीवर टाकली, बायको म्हणाली आमटीत लॉन कापून टाकलंय का.

कोथिंबीर आपण वासासाठी वापरतो, चिमूटभर, वरून. पार्सली इकडे भाजीसारखी खातात. लेबनानी तब्बूले म्हणून सॅलड असतं, त्यात मूठभर नाही, दोन-तीन जुड्या जातात चार माणसांना. गहू त्यात नावाला, हिरवंच सगळं. आपल्याकडच्या हॉटेलात तब्बूले मागवलं की दलियाचा उपमा येतो वर चार हिरवे ठिपके, ते उलटं आहे.

चव कशी म्हणाल तर किंचित कडसर, स्वच्छ, हिरवी, थोडी गाजराच्या पानाच्या अंगाने जाणारी. तिला सोबत लागते लिंबू, मीठ, लसूण आणि कच्चं तेल. फोडणी नाही! जिरं-मोहरी-हिंगाच्या फोडणीसमोर ती बिचारी ऐकूच येत नाही. आमटी, कढी, शेवभाजी, डाळ, इथे ती वाया गेली समजा. काळ्या मसाल्याच्या रश्शावर तर अजिबात नको.

उगवली की सांगा ताई, रीतसर कृती देतो.

सातपुड्याचा_वारा | ९ नोव्हेंबर

आमच्या जावयांना (पुण्याचे आहेत, त्याला इलाज नाही) कोथिंबीर चालत नाही, साबणासारखी लागते म्हणतात. आम्हाला आधी नखरे वाटले. पार्सली चालेल का त्यांना?

वनस्पती_मास्तर | ९ नोव्हेंबर

चालेल. नखरे नाहीत ते. कोथिंबिरीच्या वासात अल्डिहाइड नावाची द्रव्यं असतात, साबणाच्या वासात पण त्याच जातीची असतात, आणि काही माणसांना ती जास्त जाणवतात, नाकातल्या वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी त्याचा संबंध सापडलाय. पार्सलीचा वास वेगळ्या द्रव्यांचा, त्यात तो साबण नाही. जावयांच्या भरतात कोथिंबिरीऐवजी घालून बघा.

कळणं_भाकर | ९ नोव्हेंबर

भरतात पार्सली??? मास्तर तुम्हाला खान्देशातून तडीपार करायला पाहिजे. जळगावच्या भरीत वांग्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय तो हे दिवस बघायला का.

गच्चीवाली_अमळनेर | १४ नोव्हेंबर

वाईट बातमी. दोन दिवस माहेरी पारोळ्याला गेले होते, परत येऊन बघते तर कुंडीत मेथी. सासूबाईंनी रिकामी कुंडी डोळ्यांना बघवेना म्हणून मूठभर मेथ्या पेरल्या आणि तिसऱ्या दिवशी त्या हिरव्यागार वर आल्या. वर मलाच दाखवतात, याला म्हणतात बी.

केळीवाला_रावेर | १४ नोव्हेंबर

काकूंना आमच्याकडे पाठवा शेती बघायला.

वनस्पती_मास्तर | १४ नोव्हेंबर

ताई मेथी उपटू नका, कात्रीने वरून कापा. पार्सलीचं मूळ सरळ खाली जाणारं सोटमूळ असतं, गाजराचा भाऊबंद ना, कोंब असतानाच माती हलली की गेलं. मेथीच्या सावलीत माती ओली राहील, उलट बरंच.

गच्चीवाली_अमळनेर | २६ नोव्हेंबर

मंडळी!!! मेथी कापली काल संध्याकाळी. आज सकाळी खाली वाकून बघितलं तर मेथीच्या खुंटांच्या मध्ये सुईसारखी दोन दोन लांबट पानं, मोजली, नऊ रोपं आहेत. एकाला तर मधून तिसरं पान फुटतंय, त्याला कातरलेल्या कडा. ३७ दिवस लागले. मी गच्चीवरून ओरडले तर सासूबाईंना वाटलं माकड आलं.

आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हाई ते गाजर गवत शे."

वनस्पती_मास्तर | २६ नोव्हेंबर

अभिनंदन. काकूंना सांगा गाजर गवताचं आणि गाजराचं काही नातं नाही, ते सूर्यफुलाच्या कुळातलं, नुसती पानं तशी दिसतात. मात्र एक गोष्ट त्यांची बरोबर आहे, न ओळखता हिरवं खायचं नाही. पार्सलीच्याच कुळात हेमलॉक आहे, सॉक्रेटिसला ज्याचा प्याला दिला ते. युरोपात तर पार्सलीसारखंच दिसणारं विषारी तण असतं, लोक फसतात. तुमच्या कुंडीत पाकिटातलं बी आहे म्हणून काळजी नाही, पण रानात कुठे दिसली म्हणून तोडून आणू नका कुणी.

कोथिंबिरीपासून ओळखायची खूण म्हणजे कोथिंबिरीचं पान पातळ, कडा गोलसर. पार्सलीचं जाड, गडद, टोकं अणकुचीदार. चोळून वास घेतला की उरलेली शंका जाते.

आता महत्त्वाचं. कोथिंबीर एका हंगामाची, जरा ऊन वाढलं की दांडा वर काढून फुलावर येते आणि संपते. पार्सली दोन वर्षांची. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा झुबका आणि खाली मूळ, बस. थंडीचा एक हंगाम अंगावरून गेला की मग दुसऱ्या वर्षी दांडा, पिवळट हिरवी फुलं, बी आणि मरण. म्हणून पहिल्या वर्षी तुम्हाला महिनोन् महिने पानं मिळतील. फक्त कोथिंबिरीसारखी उपटायची नाही आणि शेंडा छाटायचा नाही. बाहेरच्या बाजूचे दांडे बुडाशी धरून काढायचे, मधला कोंब ठेवायचा.

तापीकाठची | २७ नोव्हेंबर

मध्येच एक सांगते, वडिलांना रक्त पातळ करायची वॉरफेरिन गोळी चालू आहे म्हणून लक्षात राहिलंय. पार्सलीत व्हिटॅमिन के प्रचंड असतं, १०० ग्रॅममध्ये दीड हजार मायक्रोग्रॅमच्या वर. या गोळीवाल्यांनी एकदम जुड्याच्या जुड्या सॅलड खाऊ नये, गोळीचा परिणाम कमी होतो. आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय हिरव्या भाज्या खा पण रोज साधारण सारख्याच प्रमाणात खा, आणि नवीन काही सुरू करायचं तर आधी विचारा.

सातपुड्याचा_वारा | २७ नोव्हेंबर

बरं झालं सांगितलं. गरोदरपणात पण तिचं तेल किंवा बियांचे काढे घेऊ नयेत असं वाचलंय. जेवणात चवीपुरती चार पानं वेगळी गोष्ट.

गच्चीवाली_अमळनेर | १८ जानेवारी

झुबके झालेत! नऊपैकी सात जगली. थंडीत काय तरारून आलीत, पहाटे गच्चीवर उभं राहवत नाही पण ही आपली मजेत. शारजाकर दादा, कृती द्या आता.

शारजाकर_भुसावळी | १८ जानेवारी

घ्या लिहून. पार्सली धुवायची आणि मग कोरडी करायची, म्हणजे खरंच कोरडी, सुती पंचात गुंडाळून तासभर ठेवा. ओली चिरली की लगदा होतो, नव्वद टक्के लोकांचं तब्बूले इथेच बिघडतं. चाकू धारदार पाहिजे आणि एका दिशेने बारीक चिरायची, मिक्सर नाही, विळीवर चिरत असाल तर उत्तम, पण पुन्हा पुन्हा त्यावरून फिरवू नका, काळी पडते. कोवळे दांडे चिरा, जाड बाजूला ठेवा, ते सूपला घालायचे. फ्रेंच लोक पार्सलीचे दांडे, थाइम आणि तमालपत्रासारखं पान दोऱ्याने बांधून रश्शात सोडतात आणि शेवटी काढून टाकतात.

गहू म्हणजे बुलगुर. इथे एक फसगत आहे, आपला लापशीचा दलिया नुसता भरडलेला कच्चा गहू असतो, बुलगुर आधी उकडून वाळवून मग भरडतात. म्हणून बारीक बुलगुर नुसता भिजवून चालतो, दलिया तसा घातलात तर दाताखाली खडे. दलिया मऊ मोकळा शिजवून गार करून घ्या, चार माणसांना पाव वाटी बास. टोमॅटो बारीक चिरून रस गाळून टाकायचा, कांद्याची पात, थोडा पुदिना, दोन लिंबं, मीठ, ऑलिव्ह तेल. कालवा आणि लगेच खा.

ऑलिव्ह नसेल तर घाण्याचं शेंगदाणा तेल घाला. लेबनानी माणसाला सांगू नका.

गच्चीवाली_अमळनेर | २० जानेवारी

केलं! सात झाडांची बाहेरची सगळी पानं गेली, जुडी एवढी मोठी दिसली आणि चिरल्यावर वाटीभर. मुलांनी दोन घास खाल्ले आणि दही मागितलं. ह्यांना आवडलं. मला काय वाटलं सांगू, पहिल्या घासाला कडू, दुसऱ्याला लिंबू कळलं, तिसऱ्यापासून वाटी संपेपर्यंत थांबता येईना. सासूबाईंनी कळण्याच्या भाकरीवर चमचाभर ठेवून खाल्लं आणि वर लाल मिरचीचा ठेचा घेतला. "यान्हापेक्षा मन्ही कोथमीर बरी," असं म्हणून परत चमचाभर घेतलं.

सातपुड्याचा_वारा | २ फेब्रुवारी

भरताचा प्रयोग केला. (कळणं_भाकर दादा, डोळे मिटा.) जावई आले होते, नाशिकहून एका ओळखीच्यांकडून जुडी मागवली. नेहमीच्या भरतात, म्हणजे मिरची-लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात आणि तेल, यात कोथिंबिरीऐवजी घातली. नाही जमलं. गरम तेलात तिचा वास गेला, नुसता पाला राहिला. जावई म्हणाले छान आहे, म्हणजे नसणार.

मग उरलेल्या दोन भाजलेल्या वांग्यांवर दुसरं केलं. तिळ नुसते कोरडे भाजून तेलाचा थेंब टाकून वाटले, त्यात लिंबू, ठेचलेला कच्चा लसूण, मीठ, आणि गार झालेल्या वांग्यात कालवलं, वरून बारीक चिरलेली पार्सली. फोडणी नाही, मिरची नाही. वांग्याचा धुराचा वास पुढे आला आणि पार्सली त्याच्याशी भांडली नाही. भाकरीचे तुकडे बुडवून बुडवून संपवलं.

शारजाकर_भुसावळी | २ फेब्रुवारी

काकू, तुम्ही नकळत मुतब्बल केलंत! इकडे हेच असतं, थोडं दही पण घालतात. मी इथे मित्रांना सांगतो हे आमचं भरीत आहे, तर ते म्हणतात नाही आमचं आहे.

कळणं_भाकर | ३ फेब्रुवारी

डोळे उघडले. तीळवालं चालेल, त्याला भरीत म्हणू नका म्हणजे झालं.

बाय द वे मला कुणी गुळगुळीत ठेच्यासारखं काही सांगा ना हिचं, सॅलड आपल्याच्याने होणार नाही.

शारजाकर_भुसावळी | ३ फेब्रुवारी

चिमिचुरी. अर्जेंटिनावाले भाजलेल्या मांसावर घेतात. पार्सली, लसूण, ओरेगॅनो, सुकी लाल मिरची, व्हिनेगर, तेल, मीठ. गुळगुळीत नाही, जाडसर चिरलेलंच बरं. तुम्ही भाजलेल्या बटाट्यावर घ्या किंवा बट्टीवर. वरण-बट्टीच्या बट्टीवर तुपाआधी नाही हं, उरलेली बट्टी दुसऱ्या दिवशी तव्यावर भाजली की त्यावर.

गच्चीवाली_अमळनेर | ११ मे

शेवटची अपडेट. मार्चपर्यंत दर आठवड्याला वाटीभर पानं निघत होती, शेजारी दोन घरी दिली. एप्रिलमध्ये हिरवं नेट लावलं, दोन वेळा पाणी दिलं, तरी कडा जळायला लागल्या. मागचा आठवडा ४५ अंशांचा गेला आणि शनिवारी दुपारी गच्चीवर गेले तर सगळ्या माना जमिनीला. फुलावर आलीच नाही, मास्तर म्हणाले ते दुसरं वर्ष काही बघायला मिळालं नाही.

केळीवाला_रावेर | ११ मे

वाईट वाटून घेऊ नका, या उन्हात आमची केळी पण घड टाकते. तुमचं रब्बीचं पीक समजा, परत ऑक्टोबरात पेरा.

सातपुड्याचा_वारा | ११ मे

आमचे एक नातेवाईक तोरणमाळला नोकरीला आहेत, हजार मीटरच्या वर आहे ते, पुढच्या वर्षी एक कुंडी तिकडे पाठवून बघते.

गच्चीवाली_अमळनेर | १२ मे

आज कुंडी रिकामी केली. माती उलटी केली तर खालून पांढरी मुळं निघाली, करंगळीएवढी, एक अंगठ्याएवढं, शेंड्याला दोन फाटे. मोडलं तर गाजर आणि सेलरी एकत्र केल्यासारखा वास. मी टाकायला निघाले तर सासूबाईंनी हातातून घेतली, नळाखाली धुतली, नखाने साल खरडली, नाकाला लावली, बराच वेळ लावली. मग म्हणाल्या, "टाकी दे वरणमा."

कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात, तिसरी होतेय. कळवते.